महादेव गोविंद रानडे यांची न्यायालयीन कारकीर्द

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे (जन्म : १८ जानेवारी, १८४२, निफाड, नाशिक जिल्हा, मृत्यू : १६ जानेवारी, १९०१, मुंबई) हे एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राचे थोर समाजसुधारक, अर्थचिंतक, इतिहासकार आणि मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. प्रार्थना समाज, पुणे सार्वजनिक सभा व सामाजिक परिषद यांमधील त्यांच्या कार्याची माहिती सर्वत्र आढळते. तथापि त्यांच्या आयुष्याची जवळजवळ तीस वर्षे न्यायखात्याच्या नोकरीत गेली. या नोकरीचा मोठा भाग दख्खनच्या कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या दाव्यांशी निगडित होता. पुणे जिल्ह्यातील सुपे, बारामती, इंदापूर या दुष्काळी पट्ट्यात उग्र झालेला सावकारी कर्जाचा प्रश्न आणि त्यावर उपाय म्हणून झालेला १८७९ चा दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा यांच्या संदर्भातच रानडे यांची न्यायाधीश म्हणून असलेली कामगिरी नीट समजते.

बालपण आणि शिक्षण

रानडे यांचे वडील गोविंदराव हे निफाड येथे सरकारी नोकरीत होते. पुढे ते कोल्हापूर संस्थानच्या सेवेत गेल्याने महादेवरावांचे बालपण कोल्हापुरात गेले. मराठी व प्रारंभीचे इंग्रजी शिक्षण तेथे घेऊन वयाच्या चौदाव्या वर्षी ते मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेत दाखल झाले. मुंबई विद्यापीठाच्या १८५९ मधील पहिल्या प्रवेश परीक्षेत ते उत्तीर्ण झाले. १८६२ मध्ये पदवी मिळविणाऱ्या पहिल्या चार विद्यार्थ्यांत रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक यांच्यासमवेत त्यांचा समावेश होता. १८६४ मध्ये ते एम.ए. झाले आणि १८६६ मध्ये त्यांनी कायद्याची पदवी मिळविली. अतिवाचनामुळे त्यांची दृष्टी तरुणपणीच अधू झाली व हा त्रास त्यांना जन्मभर पुरला.

विद्यार्थीदशेत मराठ्यांच्या राज्यकारभाराची ब्रिटिश अमलाशी तुलना करणारा एक निबंध लिहिल्यामुळे त्यांची शिष्यवृत्ती काही महिने रोखण्यात आली होती. सरकारी आश्रयाखाली राहून सरकारला न रुचणारे मत मांडण्याचा हा त्यांचा पहिला प्रसंग होय. असे प्रसंग त्यांच्या नोकरीत पुढेही आले.

न्यायखात्यात प्रवेश

पदवीनंतर रानडे यांनी शिक्षणखात्यात भाषांतरकाराचे काम केले. याच काळात अक्कलकोट संस्थानाचा कारभार त्यांनी अल्पकाळ पाहिला. त्यानंतर कोल्हापूर संस्थानात न्यायाधीश म्हणून त्यांची नेमणूक झाली. १८६८ ते १८७१ या काळात ते एल्फिन्स्टन महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय व इतिहास या विषयांचे अध्यापन करीत होते. १८७१ मध्ये त्यांनी ॲडव्होकेटची परीक्षा दिली. या परीक्षेमुळे त्यांना उच्च न्यायालयात स्वतंत्र वकिली करता आली असती. परंतु त्यांनी सरकारी न्यायखाते पसंत केले. मुंबईत पोलीस मॅजिस्ट्रेट आणि स्मॉल कॉज कोर्टाचे न्यायाधीश म्हणून काही काळ काम केल्यावर नोव्हेंबर १८७१ मध्ये ते पुण्यास प्रथम वर्गाचे सबजज्ज म्हणून आले. १८७३ मध्ये ते या पदावर कायम झाले.

पुण्यात गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, यांनी २ एप्रिल, १८७० रोजी सार्वजनिक सभा स्थापन केली होती. रानडे पुण्यास येताच या सभेचे प्रमुख मार्गदर्शक बनले. सभेने नेमलेल्या उपसमितीने शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी करून जो अहवाल तयार केला, त्यामागे रानडे यांची प्रेरणा होती. सकाळ-संध्याकाळ सभेचे काम आणि दिवसा न्यायदान असा त्यांचा क्रम असे. दिवसा ज्या कर्जरोख्यांवर हुकूमनामे द्यावयाचे, त्याच रोख्यांनी शेतकरी कसा बुडतो याची माहिती सभेच्या कामात त्यांच्यासमोर येत होती.

सुपे आणि इंदापूर : कर्जाच्या प्रश्नाचे मूळ

पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग कमी पावसाचा आहे. इंदापूर तालुका आणि तेव्हाचा भीमथडी तालुका, ज्यात आजच्या बारामती तालुक्यातील गावे मोडत, यांमध्ये पीक हाती येणे पूर्णपणे पावसावर अवलंबून होते. मुंबई इलाख्यातील रयतवारी जमाबंदीचा इतिहास इंदापूरपासूनच सुरू होतो. प्रिंगल यांनी ठरविलेली आकारणी अव्यवहार्य ठरल्यावर गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी नव्या पद्धतीने मोजणी करून १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यात तीस वर्षांच्या मुदतीची जमाबंदी प्रथम लागू केली. हे दर तुलनेने सौम्य असल्याने पडीक जमिनी लागवडीखाली आल्या.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ दरम्यान, कापसाचे भाव चढले आणि दख्खनमध्ये पैसा खेळू लागला. शेतकऱ्याची पत वाढली व सावकारही सढळ हाताने कर्ज देऊ लागला. युद्ध संपताच भाव कोसळले. याच सुमारास इंदापूरच्या जमाबंदीची मुदत संपून फेरआकारणी झाली आणि शेतसारा बराच वाढला. भीमथडी तालुक्यातही काही वर्षांनी तेच घडले. उत्पन्न घटले असताना सारा मात्र रोखीने व ठरलेल्या हप्त्यानेच भरावा लागे. लोकांच्या तक्रारींनंतर १८७४ मध्ये सरकारने फेरआकारणीतील वाढीवर मर्यादा घातली. पण तोपर्यंत सावकारांचे देणे वाढून बसले होते.

या स्थितीत न्यायालयांचा वाटाही मोठा होता. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानुसार सावकाराला रोख्यावरील दावा तीन वर्षांच्या आत लावावा लागे. हा कायदा ऋणकोच्या हितासाठी केलेला होता. प्रत्यक्षात तीन वर्षे भरत आली की सावकार मुद्दल व थकलेले व्याज एकत्र करून नवा रोखा लिहून घेई आणि ती सगळी रक्कम पुन्हा मुद्दल ठरे. निरक्षर शेतकरी त्यावर निशाणी करी. दावा दाखल झाल्यावर तो बहुधा न्यायालयात हजरच राहत नसे, त्यामुळे एकतर्फी हुकूमनामा होई. रोखा खरा आणि निशाणी त्याचीच, एवढे पाहून न्यायाधीश निकाल देत. मूळचे कर्ज किती होते, हे विचारण्याची सोय कायद्यात नव्हती. हुकूमनाम्यापाठोपाठ जप्ती, लिलाव आणि प्रसंगी कैद ओढवे.

१२ मे, १८७५ रोजी सुपे येथे आसपासच्या गावांतील शेतकरी जमले आणि त्यांनी सावकार-दुकानदारांवर हल्ला केला. कर्जरोखे व हिशेबाच्या वह्या काढून घेऊन जाळणे हा या उठावाचा मुख्य हेतू होता. सावकारांच्या जिवाला अपाय करण्याचे प्रकार फार थोडे घडले. सुप्याहून हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. सरकारने पोलीस व सैन्य पाठवून बंदोबस्त केला, शेकडो लोकांना अटक केली आणि कारणे शोधण्यासाठी आयोग नेमला. या आयोगाचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश संसदेपुढे ठेवण्यात आला. शेतसाऱ्याचा भार हे उठावाचे कारण असल्याचे सरकारला मान्य नव्हते. दोष सावकारीचा व कर्जविषयक कायद्याचा आहे, असा सरकारी कल राहिला. सार्वजनिक सभेच्या मते मात्र शेतसाऱ्याची वाढ व वसुलीतील ताठरपणा हेही कर्जबाजारीपणाचे कारण होते. रानडे यांनी हीच भूमिका आपल्या आर्थिक लेखांतून मांडली.

संशय आणि बदल्या

१८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती जमवून ती सरकारकडे पाठविली. १८७८ मध्ये सभेचे इंग्रजी त्रैमासिक सुरू झाले व त्यातील पुष्कळसे लेखन रानडे यांचे असे. सबजज्जाच्या पदावरील माणूस सरकारच्या धोरणांचे इतके साधार परीक्षण करतो, ही गोष्ट वरिष्ठ अधिकाऱ्यांना खटकू लागली. १८७८ मध्ये त्यांची नाशिकला बदली झाली.

पुढील वर्षी वासुदेव बळवंत फडके यांचे बंड झाले आणि मे १८७९ मध्ये पुण्यातील बुधवार वाडा व विश्रामबाग वाडा यांना आगी लागल्या. पुण्यातील सुशिक्षित ब्राह्मणांचा या घटनांमागे हात असावा, असा सरकारला संशय होता. रानडे यांना धुळ्यास पाठविण्यात आले व त्यांच्या टपालावर नजर ठेवण्यात आली. काही काळाने संशयाला आधार नसल्याची अधिकाऱ्यांची खात्री झाली. या काळात रानडे यांनी राजीनामा दिला नाही आणि तक्रारीचा सूरही लावला नाही. धुळ्यातील न्यायदानाचे काम आणि त्रैमासिकासाठी लेखन त्यांनी चालू ठेवले. १८८१ च्या आरंभी मुंबईस प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट म्हणून त्यांची हंगामी नेमणूक झाली. या नेमणुकीने त्यांच्यावरील अविश्वासाचा काळ संपला.

दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा

दंग्यांच्या चौकशीतून १८७९ चा सतरावा कायदा निर्माण झाला. तो १ नोव्हेंबर, १८७९ पासून पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांत अमलात आला. त्यातील प्रमुख तरतुदी पुढीलप्रमाणे होत्या :

• शेतकऱ्याविरुद्धच्या दाव्यात न्यायालयाने केवळ रोखा न पाहता देण्याघेण्याचा आरंभापासूनचा इतिहास तपासावा आणि मुद्दल व व्याज यांचा वेगळा हिशेब करावा.
• व्याजाची रक्कम मुद्दलापेक्षा अधिक होऊ देऊ नये. हिंदू धर्मशास्त्रातील दामदुपटीच्या जुन्या नियमाशी ही तरतूद जुळणारी होती.
• पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैद करू नये. जी जमीन स्पष्टपणे तारण दिलेली नाही, तिची जप्ती व विक्री करू नये.
• देणे हप्त्यांनी फेडण्याची सवलत द्यावी.
• शेतकऱ्यांचे दस्तऐवज गावच्या निबंधकापुढे लिहिले जावेत, पैसे भरल्याची पावती मिळावी आणि रोख्यावरील दाव्याची मुदत वाढवावी.
• किरकोळ दाव्यांसाठी गावमुन्सफ नेमावेत. मोठा दावा न्यायालयात जाण्यापूर्वी तडजोड घडविणाऱ्या अधिकाऱ्यापुढे यावा.

या कायद्याखालील दाव्यांत नेहमीप्रमाणे अपील करता येत नसे. त्याऐवजी विशेष न्यायाधीश आणि त्यांचे सहायक यांनी तालुक्यातालुक्यांत फिरून दुय्यम न्यायालयांचे कागद तपासावेत व चुकीचे निकाल दुरुस्त करावेत, अशी व्यवस्था होती. कायद्याचे यश या तपासणीवरच अवलंबून होते.

सहायक विशेष न्यायाधीश व विशेष न्यायाधीश

१८८१ मध्ये डॉ. पोलन या विशेष न्यायाधीशांच्या हाताखाली पुणे व सातारा जिल्ह्यांसाठी सहायक म्हणून रानडे यांची नेमणूक झाली. वर्षाचा बराच भाग फिरतीत जाई. ज्या सुप्यात रोखे जाळले गेले होते तो भाग आणि इंदापूरचा दुष्काळी तालुका आता त्यांच्या तपासणीच्या कक्षेत होता. या फिरतीत पत्नी रमाबाई अनेकदा त्यांच्यासोबत असत. रमाबाईंनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकात त्या काळातील दौऱ्यांची हकीकत लिहिली आहे.

हे काम नेहमीच्या न्यायदानापेक्षा वेगळे होते. सावकाराच्या वहीतील नोंदी, जुने रोखे, फेडीच्या रकमा व शेतकऱ्याची तोंडी हकीकत यांवरून वीस-पंचवीस वर्षांचा हिशेब नव्याने मांडावा लागे. शेतकऱ्याकडे बहुधा एकही कागद नसे. प्रतिवादी गैरहजर राहिला म्हणून दावा निकाली न काढता त्याला समक्ष बोलावून विचारणे आता न्यायाधीशाचे कर्तव्य ठरले होते. मात्र शेतकरी गरीब म्हणून त्याचे खरे देणे बुडवावे, असा कायद्याचा हेतू नव्हता. दोन्ही बाजूंना न्याय मिळावा यासाठी हिशेबातील अचूकपणा आवश्यक होता, आणि अर्थशास्त्राचा व्यासंग असलेल्या रानडे यांच्या बुद्धीला हे काम मानवणारे होते.

१८८४ मध्ये ते पुण्याच्या स्मॉल कॉज कोर्टाचे न्यायाधीश झाले. १८८५ मध्ये मुंबई कायदे मंडळाचे सदस्य म्हणून त्यांना घेण्यात आले. १८८६ मध्ये भारत सरकारने खर्चकपातीच्या विचारासाठी नेमलेल्या अर्थसमितीत मुंबई इलाख्याचे प्रतिनिधी म्हणून त्यांनी काम केले. या कामगिरीबद्दल सरकारने त्यांना सी.आय.ई. हा किताब दिला. त्यानंतर डॉ. पोलन यांच्या जागी ते विशेष न्यायाधीश झाले. चारही जिल्ह्यांतील कर्जनिवारण कायद्याच्या अंमलबजावणीवर देखरेख करण्याची जबाबदारी आता त्यांच्याकडे आली. उच्च न्यायालयात नेमणूक होईपर्यंत ते या पदावर होते.

कायद्याच्या मर्यादा आणि शेतकी पेढीची योजना

कर्जनिवारण कायद्याचे परिणाम संमिश्र झाले. एकतर्फी हुकूमनामे आणि कर्जापायी कैद या गोष्टींना आळा बसला. फुगविलेले आकडे न्यायालयात टिकेनासे झाले व गहाण जमिनी सोडवून घेण्यासाठी शेतकरी स्वतः दावे लावू लागले. दुसरीकडे सावकारांनी हात आखडता घेतला. साध्या रोख्यावर किंवा गहाणावर कर्ज देण्याऐवजी ते जमिनीचे खरेदीखतच लिहून मागू लागले. तडजोडीच्या व्यवस्थेमुळे कामात विलंब होतो, अशीही तक्रार होती.

न्यायालयाने जुन्या कर्जाचा हिशेब कितीही चोख केला तरी पुढच्या पेरणीचे बियाणे आणि बैल यांसाठी शेतकऱ्याला पैसा लागणारच, हे रानडे जाणून होते. रास्त व्याजाने कर्ज देणारी संस्था आणि शेतसाऱ्याची दीर्घकाळ स्थिर राहणारी आकारणी या दोन गोष्टींखेरीज कायदा अपुरा आहे, असे त्यांचे मत होते. प्रशिया व युरोपातील अन्य देशांनी जमीन-कायद्यांत केलेल्या सुधारणांचा अभ्यास करून त्यांनी त्रैमासिकात लेख लिहिले. पुण्याचे जिल्हा न्यायाधीश सर विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यासाठी शेतकी पेढीची योजना मांडली. तिला रानडे यांनी सक्रिय साहाय्य केले. जुनी कर्जे तडजोडीने मिटवावीत आणि पुढील कर्ज पेढीने माफक व्याजाने द्यावे, असे तिचे स्वरूप होते. मुंबई सरकार व भारत सरकार यांनी योजनेला अनुकूलता दर्शविली. परंतु लंडनमधील भारतमंत्र्यांच्या कार्यालयाने ती नाकारली.

रानडे यांची भूमिका सर्वस्वी सावकारविरोधी नव्हती. शेतीत भांडवल गुंतविणारा सधन वर्ग निर्माण होणे त्यांना आवश्यक वाटे. छोटे स्वावलंबी शेतकरी आणि मोठे भांडवलदार जमीनधारक असे दोन्ही वर्ग ग्रामीण समाजात असावेत, असे त्यांनी प्रतिपादले. त्यामुळे अकार्यक्षम शेतकऱ्याच्या जमिनी जाण्याकडे त्यांनी अपरिहार्य प्रक्रिया म्हणून पाहिले, अशी टीका काही अभ्यासकांनी केली आहे.

मुंबई उच्च न्यायालय

न्यायमूर्ती काशीनाथ त्र्यंबक तेलंग यांचे १ सप्टेंबर, १८९३ रोजी निधन झाले. त्यांच्या रिक्त जागी नोव्हेंबर १८९३ मध्ये रानडे यांची नेमणूक झाली. नानाभाई हरिदास आणि तेलंग यांच्यानंतर मुंबई उच्च न्यायालयावर नेमले गेलेले ते तिसरे भारतीय न्यायाधीश होत. पुणे सोडताना नागरिकांनी व संस्थांनी त्यांच्या सन्मानार्थ अनेक समारंभ केले.

पूर्वीच्या दोन्ही भारतीय न्यायाधीशांनी मुंबईत वकिली केली होती. रानडे मात्र दुय्यम न्यायालयांतून चढत वर आले होते. मोफसलमधील खटल्यात कागद कसा तयार होतो, साक्षीदार कसा बोलतो आणि गहाणखताच्या शब्दांआड कोणता व्यवहार दडलेला असतो, याचे ज्ञान त्यांना अनुभवाने झालेले होते. दत्तक, वारसा, एकत्र कुटुंबातील वाटणी, वतने आणि गहाण यांसंबंधीच्या अपिलांत त्यांना या अनुभवाचा उपयोग झाला. त्यांचे निकाल तपशीलवार असत व त्यांत पूर्वीच्या निर्णयांचा सविस्तर परामर्श घेतलेला असे.

नोकरी आणि लोककार्य

न्यायाधीशपदावर राहून रानडे यांनी सार्वजनिक कामे केली. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या पुण्यातील मुलींच्या हायस्कूलच्या, म्हणजेच हुजूरपागेच्या, संस्थापकांत ते होते. १८८७ मध्ये त्यांच्या पुढाकाराने सामाजिक परिषदेस प्रारंभ झाला. सरकारी नोकर असल्याने राष्ट्रीय सभेच्या व्यासपीठावर त्यांना भाग घेता येत नव्हता, तरी तिच्या कामात त्यांचा सल्ला घेतला जाई. गोपाळ कृष्ण गोखले यांना अर्थशास्त्र व लोककार्य यांचे शिक्षण त्यांच्या हाताखाली मिळाले. १८९५ मध्ये सार्वजनिक सभा बाळ गंगाधर टिळक यांच्या पक्षाच्या ताब्यात गेल्यावर रानडे यांनी १८९६ मध्ये डेक्कन सभा स्थापन केली.

त्यांच्यावर समकालीनांनी टीकाही केली. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते असूनही पहिल्या पत्नीच्या निधनानंतर १८७३ मध्ये त्यांनी वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या रमाबाईंशी विवाह केला. पंचहौद मिशन चहा प्रकरणात १८९२ मध्ये त्यांनी प्रायश्चित्त घेतले. या दोन्ही वेळी सुधारक व सनातनी अशा दोन्ही बाजूंनी त्यांच्यावर दोष आला. विवाहानंतर त्यांनी रमाबाईंना शिकविले. पुढे रमाबाई पुण्यातील सेवासदनाच्या आधारस्तंभ झाल्या.

अखेरची वर्षे

उच्च न्यायालयात असतानाच त्यांचे दोन महत्त्वाचे ग्रंथ प्रसिद्ध झाले. आर्थिक निबंधांचा संग्रह १८९८ मध्ये आणि मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील इंग्रजी ग्रंथ १९०० मध्ये निघाला. शिवाजी महाराजांच्या राज्याचे मूळ केवळ एका पुरुषाच्या पराक्रमात नसून त्या काळातील धार्मिक व सामाजिक जागृतीतही आहे, असे त्यांनी या ग्रंथात मांडले. भोसल्यांच्या जहागिरीतील पुणे, सुपे आणि इंदापूर हे परगणे त्यांनी न्यायाधीश म्हणून पायाखाली घातलेले होते.

१९०० च्या अखेरीस हृदयविकारामुळे त्यांची प्रकृती ढासळली. जानेवारी १९०१ मध्ये त्यांनी कामावरून रजा घेतली. निवृत्त होऊन लेखन व लोककार्य यांना वेळ देण्याचा त्यांचा विचार सिद्धीस गेला नाही. १६ जानेवारी, १९०१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वयाची ५९ वर्षे पूर्ण होण्यास तेव्हा दोनच दिवस बाकी होते. त्यांच्यामागून त्या पदावर नारायण गणेश चंदावरकर यांची नेमणूक झाली.

वारसा

रानडे यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १९०४ मध्ये, भारतात सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला. शेतकऱ्याला सावकाराखेरीज पतपुरवठ्याचे दुसरे साधन हवे, हा रानडे व वेडरबर्न यांचा आग्रह त्यात निराळ्या रूपाने मान्य झाला. दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायद्यात वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या व १९३९ च्या मुंबई शेतकरी ऋणकोसंबंधीच्या कायद्याने त्याची जागा घेतली.

दुष्काळानंतर झालेल्या नीरा डाव्या कालव्याने बारामती व इंदापूर तालुक्यांचा काही भाग ओलिताखाली आला. विसाव्या शतकात तेथे ऊस व सहकारी साखर कारखाने यांची वाढ झाली. पाण्याने आणि सहकारी पतपुरवठ्याने या भागाची स्थिती बदलली, हे रानडे यांच्या विचाराशी सुसंगत आहे. न्यायालय जुना अन्याय दूर करू शकते, पण शेतकऱ्याची पत निर्माण करू शकत नाही, हा निष्कर्ष त्यांनी याच तालुक्यांतील दप्तरे तपासून काढला होता. तरीही त्यांनी न्यायालयाचे काम गौण मानले नाही. रोख्यामागील हिशेब पाहिल्याशिवाय शेतकऱ्याविरुद्ध निकाल देऊ नये, हे नव्या कायद्याने घालून दिलेले तत्त्व दुय्यम न्यायालयांच्या रोजच्या कामात रुजविण्यात त्यांच्या न्यायालयीन कारकिर्दीचे वैशिष्ट्य आहे.